ब्रेकचं पेडल कडक झालंय? पार्ट बदलण्याआधी घरच्या घरी करायचं निदान

आमच्या घरच्या पेट्रोल-सीएनजी गाडीचं ब्रेकचं पेडल एका पावसाळ्यात कडक व्हायला लागलं. पहिल्या गॅरेजने पॅड बदलले, दुसऱ्याने मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदलायला सांगितला. शेवटी दोष निघाला वीतभर रबरी नळीत. क्लिपच्या खाली चिरली होती, वरून बघून कळणारही नाही अशी. त्या सगळ्या फेऱ्यांतून जे शिकायला मिळालं ते इथे क्रमाने मांडतोय. यातलं बरंचसं निदान हातात एकही पाना न घेता, गाडी दारात उभी असतानाच होतं. दुरुस्ती स्वतः करा किंवा करून घ्या, पण दोष कुठे आहे ते आधी ठरवा.

१. पेडल खरंच कडक आहे का, ते पाहा

‘ब्रेक नीट लागत नाही’ ही एकच तक्रार तीन वेगळ्या दोषांसाठी सांगितली जाते. पेडल मऊ, स्पंजसारखं लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असते. दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेले असतात किंवा कुठेतरी गळती असते. आणि पेडल वरच अडलंय, जीव खाऊन दाबावं लागतंय, तरी गाडी उशिरा थांबते, याला कडक म्हणायचं. हा लेख या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. पहिल्या दोघांत गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

गाडी बंद असताना पेडल कडक असणं हा मात्र दोष नाही. इंजिन बंद करून पेडल दोन-तीनदा दाबलं की कोणत्याही चांगल्या गाडीचं पेडल कडक होतं. बटण-स्टार्टच्या गाड्यांत यावरून हमखास घोळ होतो. रात्री मुलं गाडीत बसून पेडल मारत खेळलेली असतात, सकाळी पेडल खाली जात नाही, गाडीला ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळत नाही आणि ती सुरूच होत नाही. अशा वेळी नेहमीपेक्षा बराच जोर लावून पेडल दाबा आणि बटण दाबा. सुरू झाल्यावर पेडल नेहमीसारखं झालं तर बिघाड काही नाही. मुलं आत गेलेली नसतानाही हे रोज सकाळी होत असेल तर पुढे वाचा.

आणि हो, टॉर्च घेऊन आधी पेडलखाली बघा. दुमडलेलं मॅट, गडगडत गेलेली पाण्याची बाटली, मुलांचा चेंडू. हसू नका, या गोष्टी निघतात.

२. रस्त्यात असाल तर आधी हे

चालत्या गाडीत पेडल अचानक कडक झालं तर ते पुन्हा पुन्हा मारू नका. पेडल खाली जात असेल तेव्हा पंप करून उपयोग होतो. कडक पेडलमध्ये मात्र बूस्टरमध्ये (पायाला मदत करणारा डबा, पुढे येतोच) उरलेली थोडीफार ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, पाय उचलल्यागणिक संपत जाते. एकदाच दाबा, पूर्ण ताकदीने, गरज पडली तर दोन्ही पाय लावून, आणि दाबून धरा. ब्रेक गेलेला नसतो, फक्त त्याची मदत गेलेली असते. सोबत गिअर एकेक खाली आणा, हॅंडब्रेकचं बटण दाबून धरत तो थोडा थोडा ओढा, हॉर्न आणि पार्किंगचे दिवे चालू ठेवा. किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका. बंद केलंत तर स्टिअरिंगही जड होईल, आणि किल्ली पूर्ण फिरली तर लॉकही होईल.

घाटातली गोष्ट थोडी वेगळी. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय अजून काही जणांना आहे. खंबाटकीत किंवा आंबोलीत असं केलंत तर पहिले दोन-तीन ब्रेक ठीक लागतात, पुढचे दगडासारखे. तो बिघाड नाही, मदत करणारं इंजिनच तुम्ही बंद केलेलं असतं. इंजिन चालू आहे, पेडल हाताळायला ठीक आहे, तरी गाडी थांबत नाही आणि चाकांकडून जळका वास येतोय, असं असेल तर पॅड आणि लायनर (डिस्क-ड्रमला घासून चाक थांबवणारे तुकडे) तापलेत. सपाट जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि अर्धा-पाऊण तास निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

३. हे चालतं कसं

पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये, बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या पत्र्याला टेकून, एक काळा गोल डबा दिसतो. तो बूस्टर. आत रबरी पडदा असतो आणि एरवी त्याच्या दोन्ही बाजूंची हवा खेचून घेतलेली असते. तुम्ही पेडल दाबलं की पेडलच्या बाजूला बाहेरची हवा आत येते, दुसरी बाजू रिकामीच राहते, आणि हवेचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. ९ इंची बूस्टरमध्ये हा रेटा जास्तीत जास्त दोनशे किलोंच्या वर जातो. तो गेला की सगळं काम तुमच्या एकट्याच्या पायावर येतं.

ही हवा खेचतं कोण, ते गाडीवर अवलंबून. साध्या पेट्रोल आणि सीएनजी गाडीत इंजिनच खेचतं, इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातून). डिझेल इंजिनात तशी ओढ तयार होत नाही म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांतही तो असतो. इलेक्ट्रिक गाड्यांत विजेवर चालणारा पंप किंवा बूस्टर असतो. त्यांच्या बाबतीत घरी हात घालू नका, थेट अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा.

म्हणजे शोधायच्या जागा मोजक्याच: हवा खेचणारं इंजिन किंवा पंप, मधली नळी, नळीतला वन-वे व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), बूस्टर, आणि यातलं काहीच नसेल तर चाकं.

४. जवळ काय काय ठेवाल

पहिल्या तपासणीला फक्त टॉर्च आणि एक माणूस सोबतीला. पुढे गेलात तर १०, १२, १३ आणि १४ चे पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर, स्वच्छ फडकं, रबरी हातमोजे. चाकं बघायची असतील तर जॅक, चाकाचा पाना आणि घोडी (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही. व्हॅक्यूम गेज (ओढ मोजायचं मीटर) मिळाला तर उत्तम, ओळखीच्या फिटरकडे असतोच.

कागदांपैकी आरसीची प्रत काढून ठेवा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालच्या गाड्यांत बूस्टर आणि नळी वेगळी असू शकते आणि दुकानदार चेसिस नंबरवरून पार्ट काढतो. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचं पुस्तक आणि सर्व्हिसची बिलं शोधा, आणि त्या गाडीचं काहीही स्वतः खोलू नका. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली आहे का तेही पॉलिसीत बघून ठेवा, टोचा खर्च वाचतो. दोरीने ओढून न्यायचा विचार असेल तर तो सोडा. इंजिन बंद असल्यामुळे मागच्या गाडीचा ब्रेक कडक, स्टिअरिंग जड, आणि पुढे दोन हातांवर दुसऱ्याचा बंपर.

५. तीन चाचण्या

गाडी सपाट जागी, हॅंडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये.

पहिली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईपर्यंत. मग पाय मध्यम जोराने पेडलवर ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली जरासं खाली सरकायला हवं. सरकलं तर मदत मिळतेय. जागचं हललं नाही तर बूस्टरपर्यंत ओढ पोचत नाही किंवा बूस्टरच गेलाय.

दुसरी. इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा. एक मिनिट थांबून पेडल सावकाश तीनदा दाबा. पहिल्यांदा ते नेहमीसारखं खाली जायला हवं, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. पहिलाच दाब कडक लागला तर साठवलेली ओढ कुठूनतरी निसटतेय. वन-वे व्हॉल्व्हवर पहिला संशय.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल जागेवर राहिलं पाहिजे. ते पायाला हळूहळू वर ढकलायला लागलं तर बूस्टर किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

चाचण्या चालू असताना कान उघडे ठेवा. पेडल दाबल्यावर डॅशबोर्डखालून सतत ‘फुस्स’ येत असेल आणि त्याच वेळी इंजिन थरथरत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटलाय असं जवळजवळ धरून चाला. दाबताक्षणी येणारा बारीक सुस्कारा मात्र नेहमीचा असतो, त्याला घाबरू नका.

तिन्ही चाचण्या पास झाल्या आणि तरी गाडी थांबत नाही? मग थेट सातव्या पायरीवर जा.

६. नळी, व्हॉल्व्ह, पंप आणि बूस्टर

इथे घाई करू नका, कारण स्वस्तात सुटणारे दोष इथेच असतात.

आधी नळी. बूस्टरपासून इंजिनपर्यंत बोटाने चाचपत जा. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि तडा बहुधा क्लिपजवळ, खालच्या अंगाला जातो. वरून नळी नवी दिसते, बोटांत धरून वाकवली की चीर उघडते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांचे दातही शोधा. पावसाळ्यात बॉनेटखालच्या उबेला ते येतात, आणि वायरींइतकीच नळीही कुरतडतात.

मग ओढ तपासा. इंजिन बंद असताना बूस्टरवरचा व्हॉल्व्ह हळूच फिरवत बाहेर काढा. काढताना हवा आत शिरल्याचा ठसठशीत आवाज आला तर ओढ साठून राहत होती, हे चांगलं लक्षण. आता इंजिन सुरू करून नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा. सैल कपडे, ओढणी, केस फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा. अंगठा घट्ट खेचला गेला तर ओढ तिथपर्यंत पोचतेय आणि संशय बूस्टरवर जातो. ओढ लुळी असेल तर दोष नळी, व्हॉल्व्ह किंवा त्याच्या मागे.

व्हॉल्व्ह तपासायला तो पुसून फुंकर मारा. बूस्टरच्या बाजूने फुंकली तर हवा पलीकडे जायला हवी, इंजिनच्या बाजूने फुंकली तर अडायला हवी. दोन्हीकडून जात असेल किंवा दोन्हीकडून अडत असेल तर बदला. नवा बसवताना दिशा पाहा. बाण कोरलेला असेल तर तो इंजिनकडे. उलटा बसवला तर मदत अजिबात मिळत नाही, आणि नवा पार्ट टाकूनही फरक पडला नाही म्हणून पुढचा पार्ट बदलण्याची पाळी येते. व्हॉल्व्ह ज्या रबरी बुचात बसतो ते चिरलं असेल तर तेही सोबत घ्या. काही गाड्यांत व्हॉल्व्ह नळीच्या पोटातच असतो, तिथे अख्खी नळी बदलतात. तिच्या जागी पाण्याची किंवा साधी पेट्रोलची नळी कापून लावू नका. ओढ लागली की ती आतल्या आत चपटी होते.

गेज असेल तर आकड्यात बोलता येतं. निरोगी साध्या पेट्रोल इंजिनाला आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) समुद्रसपाटीवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच मिळतात. दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी होतो. म्हणून पुण्यात मुंबईपेक्षा दोनेक इंच कमी दिसले, महाबळेश्वरला चार-साडेचार इंच कमी दिसले, तर इंजिनाला दोष देऊ नका. पण वाचन त्याहूनही खाली असेल तर मॅनिफोल्डला दुसरीकडे कुठे गळती आहे का, टायमिंग चुकलंय का, सायलेन्सर चोंदलाय का, हे बघावं लागतं. ते काम फिटरचं.

डिझेलवाल्यांनी पंपाकडे बघावं. त्याचं वाचन पेट्रोलपेक्षा जास्त, २५ इंचांच्या आसपास अपेक्षित असतं. काही इंजिनांत पंप कॅमशाफ्टवर बसतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) पाठीला. दुसऱ्या प्रकारात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ ब्रेक कडक झाला, तर बेल्ट तुटलाय. पंपाला इंजिन ऑइलचा पुरवठा असतो, त्यामुळे पंपाभोवती तेलाचे डाग आणि नळीत तेल हीही झिजल्याची लक्षणं.

नळीला ओढ चांगली, व्हॉल्व्ह ठीक, तरी पहिली चाचणी नापास, तर बूस्टर गेला. तो खोलून दुरुस्त करत बसत नाहीत, अख्खा बदलतात. पण बदलण्याआधी मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो जरा पुढे ओढायला लावा आणि मधल्या जागेत बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये उतरतंय. त्याने पडदा सडतो, आणि बाहेर थेंबही न दिसता ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरत जाते. अशा वेळी नुसता बूस्टर टाकलात तर नवाही त्याच वाटेने जाईल. दोन्ही एकदम करा.

बूस्टर बदलणं घरी करण्याचं काम नाही, असं माझं मत. पेडलखाली डोकं घालून चार नट काढण्याचा त्रास मी धरतच नाही, खरी मेख पुढे आहे: मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या बूस्टरच्या दांड्याची लांबी. दांडा किंचित लांब राहिला तर मास्टर सिलिंडर पूर्ण मागे येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर चाकं तापून पेडल वर चढतं. हे माप ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडूनच काम करून घ्या.

७. मदत मिळतेय, तरी गाडी थांबत नाही

आता चाकं. थोडं चालवून आल्यावर चारही रिमांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. कोकणात, किंवा पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकणं नेहमीचं. पिना काढून, साफ करून, त्यांच्यासाठीचंच ग्रीस लावून बसवल्या की चालतं. साधं चाकाचं ग्रीस लावू नका, त्याने तिथली रबरं फुगतात. पिस्टन अडकला असेल तर कॅलिपर खोलावा लागतो. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर (लायनर ढकलणारा) जाम होतो.

एक फसवा दोष रबरी ब्रेक होजचा, म्हणजे चाकाकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीचा. बाहेरून धडधाकट, आतून फुगून बंद झालेला. मिस्त्रीला ते चाक उचलून ब्लीडरचा निपल (लाइनमधली हवा काढायचा स्क्रू) जरासा सैल करायला सांगा. चाक लगेच मोकळं फिरलं तर दाब वर अडकत होता, म्हणजे होज किंवा मास्टर सिलिंडर. तरीही अडलेलंच राहिलं तर दोष कॅलिपरचा.

पॅड काचेसारखे चकाकत असतील तर ते भाजलेत. घासून पुन्हा लावण्यापेक्षा बदला, आणि अगदी स्वस्तातले घेऊ नका. कडक मसाल्याचे पॅड थंड असताना पकडतच नाहीत आणि पेडल कडक झाल्याचा भास होतो. पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ती छातीत जाते.

चारही चाकं एकदम जाम होत असतील तर ब्रेक ऑइलच्या टाकीत काय ओतलं गेलंय ते विचारा. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन किंवा स्टिअरिंगचं तेल पडलं तर सगळे सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं बदलावी लागतात. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच भरा. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला, आणि अर्धा उरलेला जुना डबा वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

८. गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘ब्रेक कडक झालाय, बघा जरा’ एवढंच सांगितलंत तर सुरुवात पॅडपासून होते. त्याऐवजी म्हणा: “इंजिन सुरू करताना पेडल खाली सरकत नाही, नळीला ओढ आहे, डॅशखालून हवेचा आवाज येतोय.” समोरचा माणूस सरसावून बसतो. व्हॉल्व्ह किंवा नळी काही शे रुपयांचं काम, बूस्टर काही हजारांचं. म्हणून मोठा पार्ट सुचवला की तो कोणत्या तपासणीवरून, हे विचारा. जुना पार्ट ताब्यात घ्या आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. चांगला मिस्त्री याला नाराज होत नाही.

९. गाडी ताब्यात घेताना

तिथेच तिन्ही चाचण्या पुन्हा करा. ब्रेकची लाइन उघडली असेल तर एअर (आत शिरलेली हवा) काढली का ते विचारा. पेडल स्पंजसारखं लागलं तर राहिलीय. पेडल हाताने हलवून बघा, सुरुवातीला काही मिलिमीटर मोकळं हलायला हवं. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकचे दिवे लागतात आणि पाय उचलल्यावर विझतात ना, ते पाहा. पेडल पूर्ण मागे येत नसेल तर ते जळतच राहतात.

मग रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगाने दोन-चारदा थांबवून बघा, नंतर ४० ने. बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर बदललं असेल तर पंधराएक किलोमीटर चालवून या आणि पुन्हा चारही रिमांजवळ हात न्या. पुढची दोन एकमेकांसारखी आणि मागची दोन एकमेकांसारखी कोमट असतील तर काम झालं. एखादं चटका देत असेल किंवा पेडल वर चढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी गाडी परत न्या, आणि घाटाचा बेत असेल तर तो पुढे ढकला.